चंद्रावरचं ऊन

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मंगळवार पेठेतल्या अंबादास मास्तरांचा. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दर पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी मला घेऊन गच्चीवर चढायचे. १९७४ सालच्या त्या संध्याकाळीही चढले. पाठोपाठ त्यांची मुलगी नंदिनी आली आणि नेहमीचा वाद सुरू झाला.

"आप्पा, भिंग पुन्हा पूर्ण उघडलंत?"

"अंधार पडाय लागलाय. उघडल्याबगर उजेड येणार कुठनं?"

"चंद्रावर ऊन पडलेलं असतं. उन्हातल्या माणसासारखाच काढायचा. भिंग बारीक करा, कडी अकरावर ठेवा, वेग एकशे पंचवीस."

"ऊन? मग जा, माझी छत्री आण की."

मी वैतागलो होतो. पोरीचं बरोबर होतं, पण मला तोंड नाही. माझा पडदा उघडाच ठेवून मास्तर मनात आकडे मोजत, तोवर चंद्र पुढे सरके आणि फोटोत ताकासारखा पांढरा फराटा उमटे. असे फराटे किती झाले! प्रत्येक फोटो पाहून नंदिनी चूक तेवढी सांगायची.

"कधीतरी छान म्हण की गं," मास्तर म्हणाले.

"छान आला की म्हणेन," म्हणत ती पाय आपटत खाली गेली.

मास्तर जिन्याकडे बघत राहिले. मग हळूच त्यांनी माझी कडी अकरावर फिरवली, वेग एकशे पंचवीस केला. खटका दाबला. खाली जाऊन कुणाला काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेतच छातीत कळ येऊन गेले.

मी कपाटात पडून राहिलो. माझ्या कातड्याला बुरशी आली. मित्रांनो, वस्तू वापरात ठेवा, एवढंच माझं मागणं. आत अर्धा रोल अडकलेला आहे हेसुद्धा घरात कुणाला आठवेना. पावसाळा सरल्यावर नंदिनीने मला पुसलं आणि रोल जोतीरामच्या स्टुडिओत धुवायला दिला.

फोटो घेऊन ती गच्चीवर आली. मला कठड्यावर ठेवलं. फोटोतला चंद्र मसुराएवढाच होता, पण काठ रेखीव, अंगावरचे डागही स्पष्ट. मधूनच कपडे वाळत घालायची तार गेली होती.

आता ही तारेवर बोट ठेवणार, मला वाटलं.

तिने बोट ठेवलं ते चंद्रावर.

"आप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "छान आलाय."