भरलेला गडू

पाचवा नारळ ओट्यावर येऊन बसला तेव्हा पूनमने हातातली वही मिटली.

"माह्या नावानं समुद्रात सोडजो," वच्छलाबाई म्हणाल्या. शेजारच्या वच्छलाबाई गुडघ्यांपायी स्वतःच्या अंगणाबाहेर सहसा पडत नसत. आज मात्र चार पायऱ्या चढून आल्या होत्या. नारळावर त्यांनी एक रुपया ठेवला आणि पूनमच्या पायाशी वाकायला लागल्या. पूनम दचकून मागे सरकली.

"काकू, हे काय करता?"

"यात्रेले जाणाऱ्याच्या पाया पडा लागते व बाई. तिथं वय नाई पाह्यत."

आणि सत्तरीच्या वच्छलाबाई बेचाळीस वर्षांच्या पूनमच्या पाया पडल्या. पूनमला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिटलेल्या वहीत तिच्या पाच दिवसांचा आराखडा होता. पहिली संध्याकाळ समुद्राकाठच्या रस्त्यावर, कारण तिथे संध्याकाळी गाड्या बंद असतात. दुसरा दिवस नुसता पायी, फ्रेंच लोकांनी वसवलेल्या गल्ल्यांतून. तिसऱ्या दिवसापुढे तिने लिहिलं होतं, 'काही नाही'. त्या 'काही नाही'खाली दोन रेघा मारल्या होत्या. यात पाया पडण्यासारखं काय होतं?

हे सगळं सुरू झालं तिच्या शाळेतल्या सुचिता मॅडममुळे. सुचिता मॅडम टूरबरोबर युरोपला जाऊन आल्या आणि महिनाभर मधल्या सुट्टीत फोटो दाखवत राहिल्या. पूनमने नवऱ्याजवळ, ज्ञानेश्वरजवळ, युरोपचं नाव काढलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तिनेच शोध घेतला. विमान नको, व्हिसा नको, चेन्नईची गाडी मलकापूरला धरायची आणि पुढे बसने पाँडिचेरी. पिवळ्या भिंती, पांढऱ्या चौकटी, भिंतीवरून खाली आलेली बोगनवेल. तिने फोटो ज्ञानेश्वरपुढे धरला होता.

"पिवळ्या भिंती पाहाले इतक्या दूर काऊन जा लागते?" तो म्हणाला. "नांदुऱ्याचं रेस्ट हाऊस पिवळंच हाये."

तरीही तो 'हो' म्हणाला होता. एकदा नाही, तीनदा. पहिल्या वर्षी तिकिटं काढली आणि नणंदेची, वंदनाची वास्तुशांती त्याच आठवड्यात निघाली. दुसऱ्या वर्षी चुलतसासरे गेले, सुतक आलं. मागच्या दिवाळीत बॅग भरून तयार होती, तर सोयाबीन काढायला हार्वेस्टर नेमका त्याच दिवशी मिळाला. दर वेळी सगळे एकच बोलले: फिरणंच तर आहे, पुढच्या खेपेला जा. फिरणंच तर आहे. हे तीन शब्द ऐकले की पूनमच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

या खेपेला तिने कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त घरात बोलली, आणि तिथेच चुकली. चार दिवसांपूर्वी तिची सासू, मनकर्णाबाई, ज्वारी घेऊन चक्कीवर गेली आणि दळण होईस्तोवर तिथल्या बायांना सांगून मोकळी झाली की ज्ञानेश्वर आणि पूनम रामेश्वरला चाललेत. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वडनेर गावाला ठाऊक झालं.

"आई, आम्ही रामेश्वरला नाही चाललो," पूनमने त्याच रात्री जेवायला वाढताना सांगितलं होतं.

"त्याच अंगानं हाये ना?"

"साडेतीनशे किलोमीटर पुढे आहे."

"इतक्या दूर जाऊन तितकंसंच राह्यते मंग," मनकर्णाबाई म्हणाली आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवला.

तिचं कारण सगळ्या घराला माहीत होतं. देवघरात, अन्नपूर्णेच्या मागे, तांब्याचा एक गडू होता. सासरे उकंडराव काशीला गेले तेव्हा गंगा भरून आणलेला, तोंडाला डाख लावून बंद केलेला. काशीची गंगा रामेश्वरला वाहिल्याशिवाय काशी पुरी होत नाही. मनकर्णाबाईला घेऊन ते रामेश्वरला जाणार होते. जाणार, जाणार म्हणता अकरा वर्षांपूर्वी स्वतःच गेले, आणि गडू राहिला. दर सणाला मनकर्णाबाई तो चिंचेने घासून लख्ख करी, पण घासायला दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

म्हणजे आता सुनेच्या सुट्टीवर सासऱ्यांचं राहिलेलं देणं आलं. ज्ञानेश्वर तर खूश झाला. एरवी ज्याला फिरायचं म्हटलं की शेतातली कामं आठवायची, त्याने पूनमची वही स्वतःहून मागून घेतली.

"चार दिवस रामेश्वर आणि मदुराई करू," तो म्हणाला, "येता येता अर्धा दिवस तुयी पाँडिचेरी."

त्याने पेनाने तिसरा दिवस खोडला होता. 'काही नाही' या शब्दांवरून, दोन्ही रेघांवरून, आडवी रेघ. पूनमने त्या दिवशी कुकरच्या पाच शिट्ट्या होऊ दिल्या आणि डाळीचा लगदा झाला.

वच्छलाबाई जाऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोच ज्ञानेश्वर शेतातून आला. पाय धुतले, पाणी प्यायला, आणि खाटेवर बसून टाचेला लागलेली माती काढायला लागला. सोळा वर्षांच्या संसारात पूनमला ते बसणं ओळखू येत होतं.

"बोला," ती म्हणाली.

"वेचाले बाया मिळून राह्यल्या. पंधरा जणी. परवापासून येतो म्हणतात." त्याने टाच पाहिली, तिच्याकडे पाहिलं नाही. "आता नाई म्हटलं तर दुसरीकडं जातीन. कापूस पार फुटला हाये. आपुन पुढच्या महिन्यात..."

"पुढच्या महिन्यात माझी शाळा आहे."

"मंग उन्हाळ्यात."

"उद्याची गाडी आहे. बॅग भरली आहे."

"अवं, फिरणंच तर..."

"यात्रा हाये," मनकर्णाबाई म्हणाली.

ती आतल्या दाराशी वाती वळत बसली होती. तिने मान वर केली नव्हती. मांडीवर चोळून एक वात पूर्ण केली, ताटलीत ठेवली, मग म्हणाली, "बोललेली यात्रा मोडत नसते, ज्ञानेश्वर. गावानं नारळ देल्ले. ते काय तू दारोदारी वापस करत हिंडशीन?"

"पण कापूस, आई..."

"कापूस मी पाह्यीन. तुया बापाच्या वेळेस कोण पाहे?"

पाच नारळ ओट्यावर रांगेत होते, त्यांच्यावरचे रुपये चमकत होते. ज्ञानेश्वर उठला आणि मजुरिणींच्या मुकादमिणीला फोन लावायला अंगणात गेला.

पूनमला बरं वाटायला हवं होतं. उलट तिचे डोळे भरून आले, तेही रागाने. तीन वर्षं ती म्हणत होती तेव्हा वास्तुशांती मोठी, सुतक मोठं, हार्वेस्टर मोठा. देवाचं नाव आलं तर पंधरा मजुरिणींनाही थांबवता येत होतं. तिच्या नावाने एक पानसुद्धा हललं नव्हतं.

"इकडं ये," मनकर्णाबाईने देवघरातून हाक मारली.

पूनम गेली. सासूने अन्नपूर्णा बाजूला केली, गडू उचलला आणि पुढे धरला.

"मला नाही न्यायचा," पूनम म्हणाली. इतकं स्पष्ट ती या घरात कधीच बोलली नव्हती. "तुम्ही मला विचारलं नाही, आई. माझे पाच दिवस होते. मला देवळाच्या रांगेत नव्हतं उभं राहायचं."

"धर तं पह्यले."

पूनमने धरला. भरल्या गडूच्या हिशोबाने तिने हाताला जोर दिला होता. हात वर गेला. तिने सासूकडे पाहिलं. मग गडू कानाजवळ नेऊन हलवला. आत काहीच वाजलं नाही.

"ते गेले तवा ज्ञानेश्वर डॉक्टर आणाले गेला होता, तू शाळेत," मनकर्णाबाई म्हणाली. आवाज रोजचाच, जरा खाली आणलेला. "घरी मी एकटी. तोंडात गंगा घाला लागते ना. खिळ्यानं डाख फोडला अन् दोन चमचे घातली. बाकीची उरली."

"मग?"

"मंग काय. तेरवी झाली. मी पिऊन टाकली. आपल्याले कोण नेते रामेश्वरले?" तिने पदराने गडूच्या पोटावरचा बोटांचा ठसा पुसला. "नांदुऱ्याच्या बाजारात डाख लावून आणला पुन्हा. गडू बंद दिसला म्हणजे कोणी ना कोणी म्हणते, जा लागते. उघडा दिसला असता तं कोणी म्हटलं नसतं."

बाहेर ज्ञानेश्वर फोनवर कुणाला तरी समजावत होता, यात्रा आहे म्हणून.

"आणि हे?" पूनमने विचारलं. "यांनी तर रामेश्वरचं सगळं ठरवलं आहे."

"गाडीत बसल्यावर सांगजो. गाडीतून उतरून थोडी येते तो."

"नारळ?"

"समुद्र हाये ना तिथं, तुया त्या गावाले?"

"हो."

"नारळ समुद्राले देल्ले बायांनी. वच्छला काय म्हणे? समुद्रात सोडजो. मंग सोडजो."

"मावंदं करावं लागेल आल्यावर. गाव जेवायला येईल."

"येईन. वरण-बट्टी करू." मनकर्णाबाई अन्नपूर्णा पुन्हा जागेवर ठेवायला वळली. पाठमोरीच म्हणाली, "त्या फोटोतली भिंत हाये ना, पिवळी. तिच्याजवळ बसाले जागा हाये काय?"

"समुद्राकाठी आहे. मोठा कट्टा आहे."

"मंग बसजो चांगली. उठ उठ करीन तो, उठू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पंधरा-वीस बाया जमल्या. हळद-कुंकू झालं, नारळांची पिशवी मलकापूर स्टेशनला सोडणाऱ्या गाडीत गेली. वच्छलाबाई आज खुर्ची टाकून बसल्या होत्या. पूनम गडू घेऊन दारातून बाहेर आली तशी कुजबुज थांबली आणि दोघी-तिघींनी हात जोडले.

"दोन्ही हातानं धर बाई," मनकर्णाबाई मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "भरलेला हाये."

पूनमने दुसरा हात खाली लावला. पायऱ्या ती एकेक करून उतरली, गडूवरची नजर न काढता. ज्ञानेश्वर गाडीचं दार उघडून उभा होता. त्याने हात पुढे केला.

"दे इकडं, मी धरतो."

"राहू द्या," पूनम म्हणाली. "जड आहे."