भिंतीपलीकडचा मार

पोळ्याच्या दिवशी बैलाला कोणी काठी लावत नाही. त्या वर्षी देऊळघाटजवळच्या एका खेड्यात ती काठी माणसाला लागली.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. तोरणाखाली बैलजोड्यांची रांग लागली होती. उकंडरावाचा मुलगा कारभारी आपली जोडी धरून उभा होता. मिसरूड फुटलेला, अंगानं दांडगा, कोणाशी फारसं न बोलणारा. त्याच्या मागं शेजारच्या झुंबरबाईचा मुलगा कडूबा होता. वाजंत्र्यांच्या आवाजानं कडूबाचा खोंड बुजला आणि पुढं घुसला. एवढंच झालं. कारभारीनं कुंपणातली बाभळीची काठी उपसली आणि कडूबाच्या कोपरावर हाणली. हाड मोडलं. कडूबा खाली कोसळल्यावरही तो थांबला नाही. पाठीत, मांडीवर, पुन्हा पाठीत. लोकांनी ओढून काढलं तेव्हा तो एकाच्या मनगटाला कडकडून चावला.

कडूबाला बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायला माणसं बाज आणायला धावली. तेवढ्यात उकंडराव आला. हातात चामड्याचा कोरडा होता.

"माहं नाव मातीत घातलं," एवढंच तो म्हणाला आणि चावडीसमोर पोराला मारायला लागला. सदरा फाटला. पाठीवर वळ उठले, मग वळातून रक्त आलं.

झुंबरबाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तरणेपणी विधवा झालेली, वांग्या-मिरचीचा मळा एकटीनं पिकवणारी बाई. "मारा," ती म्हणाली. "अजून मारा त्याले."

मग तिचं लक्ष कारभारीच्या हातांकडे गेलं. त्याला कोणी बांधलं नव्हतं. त्यानं आपणहून चावडीच्या खांबाला मिठी मारली होती, तोंड आत लपवलं होतं आणि पाठ पुढं केली होती. रोजचं काम असावं तसा तो उभा होता.

झुंबरबाई उठली आणि मधे शिरली. एक फटका तिच्या दंडावर बसला, तरी तिनं कोरडा धरून ठेवला.

"बाजूले हो बाई," उकंडराव म्हणाला. "तुह्याच पोरासाठी मारून राह्यलो."

"माह्या पोराचं नाव घेऊ नका, उकंडभाऊ. हा पाच वर्साचा होता तवापासून ह्याचं रडनं मी भिंतीपलीकडून ऐकून राह्यली. तुम्ही मारता, तो शिकते. आज त्यानं शिकलेलं दाखोलं." मग ती जमलेल्या लोकांकडे वळली. "मी ऐकलं. तुम्ही साऱ्यायनं ऐकलं. दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हनून आपून एकजनबी गेलो नाई."

पोलीस पाटील अर्जुनराव पुढं झाले. "फिर्याद द्याची का, झुंबरबाई?"

"ते मंग पाहीन. आधी माह्या मळ्यातलं काम कोन करीन? हा करीन. राहीनबी तिथंच. ह्याले घरी पाठवू नका."

पाटलांनी मान हलवली. "आन उकंडराव, यापुढं तुह्या घरातून आवाज आला का मी दारात येईन. माह्यासंगं कोन येते?"

दोघं-तिघं पुढं आले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

कारभारी मळ्यात मोट हाकू लागला. कडूबा हाताला पलस्तर घालून बांधावर बसून राहायचा. एका दुपारी कारभारी पाटाचं पाणी वळवायला वाकला असताना कडूबानं डाव्या हातानं खुरपं फेकून मारलं. कानामागं खोल जखम झाली. कारभारी वळला आणि त्यानं कडूबाचा गळा धरून त्याला विहिरीच्या कठड्यावर उलटा वाकवला. खाली पाणी दिसत होतं. कडूबाचे डोळे पांढरे व्हायला लागले.

झुंबरबाई मिरच्या टाकून आली. "सोड त्याले, कारभारी." आवाज चढला नव्हता. "सोड, बाबा."

त्यानं सोडलं. आता मार बसणार म्हणून त्यानं पाठ वळवली. झुंबरबाईनं त्याच्या जखमेत हळद भरली, चिंधी बांधली. मग कडूबाला खुरपं उचलून आणायला लावलं आणि दोघांना समोरासमोर बसवून भाकरी वाढली.

"राग आला का मारतं," ती कारभारीला म्हणाली. "आन नाई मारलं तर काय होते तुले?"

त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला. "भेव वाटते, काकू."

"कायचं?"

"आता मले मारतीन म्हनून."

कडूबानं तोंडातला घास तसाच धरला. मग खाली बघून तो जेवू लागला.

दिवाळीच्या आधी उकंडराव मळ्यात आला. गहू पेरायचा होता, त्याला मुलगा परत हवा होता. "चाल घरी," म्हणत त्यानं कोरडा उगारला. पहिला फटका तोंडावर बसला, ओठ फाटला. दुसरा कारभारीनं हवेतच पकडला आणि हिसका दिला. उकंडराव पाटाच्या चिखलात पडला. कारभारीनं कोरडा उलटा धरून कोरड्याची लाकडी मूठ बापाच्या कपाळावर हाणली. रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं पुन्हा हात उचलला.

कडूबानं गावाकडे तोंड करून जोरात हाक दिली. मग एका हातानंच कारभारीला मागून मिठी मारली. "बस झालं बे. मरून जाईन तो. बस."

कारभारी त्याला झटकून टाकू शकला असता. त्यानं हात खाली घेतला आणि कोरडा विहिरीत फेकला.

शेजारच्या शेतांतून माणसं धावत आली, मागोमाग पाटीलही आले. पाटलांनी उकंडरावाला उठवून बसवलं, स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं त्याचं कपाळ दाबून धरलं.

"माह्या बापानं मले असंच वाढोलं," उकंडराव म्हणाला.

"हाव," पाटील म्हणाले. "म्हनून त्याच्या मयतीले तुह्या डोयात पानी नव्हतं. मी तुह्या बाजूलेच होतो."

उकंडराव एकटाच घरी गेला.

झुंबरबाईनं फिर्याद दिली नाही. कडूबाचा हात कोपरात वाकडाच राहिला, आणि त्याबद्दल त्यानं कारभारीला कधी माफ केलं असं कोणी ऐकलं नाही. पण जड कामाला कारभारी बोलावल्याशिवाय यायचा आणि कडूबा त्याला येऊ द्यायचा. माघात कारभारीची आई मनकर्णाबाई त्याला न्यायला आली, तेव्हा तो घरी गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीला, उकंडरावाच्या घरात भांडं आपटलं आणि मनकर्णाबाईचं ओरडणं ऐकू आलं. गल्लीतली दारं उघडली. पाटील आले, पोळ्याला माना खाली घालणारेही आले. कोणी भांडलं नाही. सगळे ओट्यावर बसले, हरभऱ्याचं, घाटेअळीचं बोलू लागले. उकंडराव दारात आला, त्यांना पाहिलं आणि उंबऱ्यावर टेकला.

कारभारी आतून पाण्याची कळशी आणि पेला घेऊन आला आणि एकेकाला पाणी देऊ लागला. बापापाशी येताना तो हातभर अंतरावर थांबला. मग त्यानं पेला पुढं केला. उकंडरावानं तो घेतला.