दीड इंच

"उचलून देतो?" बुनसोंगचा आवाज चढला. "मी गाडी खाली बसवायला आणलीय रे बाबा, आणि तू म्हणतोस उचलून देतो?"

पियाक मेस्त्रीने मनगटाने कपाळ पुसलं. पियाक म्हणजे टीचभर. आईने पाळण्यात असताना हाक मारली ती मारली. आता त्या नावाच्या माणसाला गॅरेजच्या दारातून जरा तिरकं होऊन यावं लागत होतं. पण थायलंडातल्या या लाम्पांगमध्ये एकदा चिकटलेलं नाव मेल्याशिवाय सुटत नाही.

"भाऊ, तुमच्या भल्याचंच सांगतोय. स्प्रिंगखाली जाड रबर टाकतो. सीट वर येईल, चाकांच्या खुर्चीतून सरकलात की थेट आत. पैसे पण नकोत मला."

"का नकोत?"

पियाक फडक्याला हात पुसायला लागला.

"नाही, सांग ना. परवा त्या बँकेतल्या साहेबाची गाडी खाली केलीस. त्याच्याकडून घेतलेस की नाही? मग माझ्याकडून पण घ्यायचे. वर दोन शिव्या दे, चालतील. दया नको."

बाकावर स्प्रिंगांचे तीन संच मांडले होते. पिवळा गाडी इंचभर खाली बसवणारा, हिरवा दीड इंच, लाल दोन. समोर उभी होती बुनसोंगची गाडी. गर्द हिरवी, दोन दारांची, जुनी जपानी स्पोर्ट्स कूपे. अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक हाताच्या दांड्यावर. आणि पंख्याखालची एकमेव बरी खुर्ची पटकावून बसली होती त्याची थोरली बहीण मालिवान. ती गाडीसाठी आलीच नव्हती. ती हा प्रकार मोडून काढायला आली होती.

"याचं डोकं फिरलंय, मेस्त्री," ती म्हणाली. "उंच व्हॅन घे म्हटलं. मागून उतार लावायचा, खुर्चीसकट आत. तर म्हणतो, व्हॅनमधून कोबी नेतात."

"नेतातच," बुनसोंग म्हणाला.

पोलिओने त्याचे पाय नेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि ती पोरसवदा. तेव्हापासून तिनेच त्याला पाठुंगळी घेतलं. शाळेत, देवळात, जत्रेत. पुढे खुर्ची आली तरी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत तिचेच हात. तो जिल्हा रुग्णालयात टेलिफोनवर लागला, कारण त्या कामाला पाय लागत नाहीत. आता तिथे त्याला एवढी वर्षं झाली होती की अख्खा जिल्हा त्याचा आवाज ओळखत होता. माणूस पाहिलेला होता फार थोड्यांनी.

"ताई, एक सांग," तो म्हणाला. "आपल्या घरातली माझी एक तरी वस्तू अशी दाखव, जी पायांकडे न बघता आणलीय. पलंगाची उंची पायांसाठी. दारं पायांसाठी. नोकरी पायांसाठी. अगं, माझी चड्डीसुद्धा चढवायला सोपी म्हणून येते! ही गाडी मी डोळ्यांसाठी घेतलीय. बघ ती चाकावरची फट. तीन बोटं जातात आत. चांगला उंचापुरा माणूस आणि पँट घोट्याच्या वर, तशी दिसते."

पियाकला हसू आलं. आता तो मेस्त्रीसारखा बोलायला लागला. "लाल मी देणारच नाही, तुम्हालाच काय, कोणालाही. दोन इंचांत शॉकअ‍ॅब्सॉर्बरला दबायला जागाच उरत नाही. देवळाच्या गतिरोधकावर तळ घासेल. पिवळी घ्या, सुखाने चालवा."

"पिवळीने किती फट राहील?"

"दीड बोट."

"म्हणजे लग्नात जाऊन अर्धपोटी उठायचं. हिरवी."

"आणि उतरणार कसा?" मालिवान उठलीच. "आत पडायला काय, कोणीही पडेल. खाली गेलेल्या सीटवरून वर खुर्चीत कसा येणार? मलाच हाक मारशील ना? माझी कंबर गेलीय, बुन. आता तू मला उचलवत नाहीस."

हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. पियाकने उगीचच एक पाना उचलून दुसरीकडे ठेवला.

"नाही आलं उतरता, तर गाडी विकायची," ती म्हणाली. "आजच्या आज. कबूल?"

"आणि आलं तर?"

"तर या गाडीबद्दल माझ्या तोंडून शब्द निघणार नाही."

"हे मात्र मला बघायचंय," बुनसोंग म्हणाला. "कबूल."

स्प्रिंगा बसवून परत काढायच्या म्हणजे दुप्पट मेहनत. पियाकने तोड काढली: आधी नुसत्या वजनाने गाडी तेवढी खाली बसवून बघायची. शेजारच्या सेंगशेठकडून तांदळाची पोती आणली. डिकीत टाकली, सीटमागे टाकली, फटीला पट्टी लावली. मागची बाजू हवी तेवढी बसली. पुढे पोती ठरेनात, तेव्हा बॉनेटवर गोधडी अंथरून तो स्वतःच चढून बसला. पट्टी बरोबर दीड इंचावर आली.

"श्वास रोखू नकोस, गाडी वर येते," बुनसोंग म्हणाला.

"पोतं फुटलं तर दाणा न् दाणा वेचून घेईन," सेंगशेठने दारातूनच बजावलं आणि गंमत बघायला तिथेच उभा राहिला.

आत जाणं सोपं झालं. नुसतं घसरायचं होतं. मग त्याने लांबलचक दार पूर्ण उघडलं, खुर्ची जवळ ओढली, डावा हात सीटवर, उजवा खुर्चीवर रोवला आणि अंग उचललं. कंबर खुर्चीच्या कडेपर्यंत आली, तिथे थरथरली. खुर्ची सरकली आणि तो दाराच्या उंबऱ्यावर आपटला. कोपर सोलून निघालं.

पियाकने बॉनेटवरून उडी टाकली.

"चढ वर!" बुनसोंग ओरडला. "तू उतरलास की गाडी उचलते. लबाडी नाही चालणार इथे."

मालिवान केव्हाच पोहोचली होती. दोन्ही हात पुढे काढून वाकलेलीसुद्धा.

"ताई, बस जाऊन."

"रक्त येतंय तुला."

"येऊ दे. माझंच आहे."

ती मागे सरली, पण बसली नाही. बुनसोंग हातांवर रेटून पुन्हा सीटवर चढला. त्याला स्वतःचाच राग आला होता. जन्मभर पलंग, खुर्ची, बाक, सगळं एका पातळीवर आणून ठेवलेलं; वर चढायची सवयच कोणी लागू दिली नव्हती. या वेळी त्याने खुर्ची तिरकी लावली, चाकांचा ब्रेक दोनदा दाबून पाहिला. डोकं खाली घातलं, कंबर उलट्या बाजूने झोकली. एकदा. नाही जमलं. परत झोकली. शर्टाचं बटण तटकन उडालं, तोंडातून भन्तेंसमोर काढता येणार नाही असा शब्द निघाला, आणि तो खुर्चीत होता. अर्धा बाहेर, वाकडा, धापा टाकत. पण होता.

सेंगशेठने टाळ्या वाजवल्या. बुनसोंगने त्याच्याकडे असं बघितलं की त्या अर्ध्यातच थांबल्या.

"हिरवी," तो म्हणाला. "आणि पूर्ण पैसे घे."

दुपार कलली तेव्हा गाडी तयार झाली. फट जेमतेम बोटभर उरली होती, चाकं आणि पत्रा एकमेकांना धरून बसले होते. बुनसोंगने गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. मालिवानने शब्द पाळला, पण एक हट्ट सोडला नाही. गाडीचं पोट उघडलंय, अपघात टळावा म्हणून देवळात नेऊन भन्तेंकडून छताला चंदनाची बोटं लावून घ्यायचीच. ती डाव्या बाजूला बसली. देवळाच्या फाटकापाशीचा गतिरोधक त्याने तिरका घेतला. तळाला काही लागलं नाही. तिने ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर पाहिलं.

देवळाच्या आवारात त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. म्हातारे भन्ते चंदनाची वाटी घेऊन आले, बुनसोंगच्या बाजूने कष्टाने आत वाकले, काहीतरी पुटपुटत छतावर ठिपके काढले. "फार खाली गेली रे तुझी गाडी," म्हणाले आणि कंबर धरून सरळ झाले.

आता वंदनासाठी उतरायचं. मालिवानने दार उघडलं, पाय बाहेर टाकले आणि जोर केला. उठवेना. पुन्हा केला. कंबरेत कळ आली, ती मटकन मागे बसली.

भन्ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले. बाईला हात लावणं त्यांना वर्ज्य. ते वाटीकडे बघत राहिले.

बुनसोंग उतरायला लागला. सीटमागून खुर्ची ओढून उलगडली, झोका घेऊन तीत बसला, खडीतून चाकं रेटत पलीकडे आला. ब्रेक लावला.

"हसलास ना, तर बघ," मालिवान म्हणाली.

"नाही हसत. मान नको धरू, खांदे धर. हां. गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकव. आता श्वास सोड. तू जोर करायचा नाहीस, मी करतो."

"मला शिकवतोस?"

"उचलून घेण्यात माझा हात कोण धरेल?"

तिने खांदे धरले. त्याला आठवत होती ती रुंद पाठ, तिच्यावर तो, वर त्याचं दप्तर, आणि तरी चिखलातून भराभर चालणारी ताई. त्या अंदाजाने त्याने दंड ताणले आणि सगळा जीव लावून ओढलं.

ती इतक्या सहज वर आली की खुर्चीच मागे कलंडता कलंडता राहिली. एवढा जोर लागणारच नव्हता. ती कधी एवढी हलकी झाली, त्याला कळलंच नव्हतं.

"सोड आता, उभी आहे मी," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, पण त्याने तिला लगेच सोडलं नाही.