तुळजाबाईची माती

दिवाळीच्या सुट्टीत जालन्यातल्या मिशनच्या वसतिगृहातली पोरं आपापल्या गावी जायची, खोल्या मोकळ्या व्हायच्या, आणि त्या मोकळ्या खोल्यांत चार दिवस शिबिर भरायचं. शिबिर मोठ्या माणसांचं. वयानं चाळिशीला आलेली, पण समजेनं पाच-सहा वर्षांवरच थांबलेली माणसं. भोकरदन, बदनापूर, जालना, जिथून जमेल तिथून घरचे त्यांना आणून सोडायचे. कुणाची जात-धर्म विचारायची पद्धत नव्हती. सकाळी प्रार्थना, गाणी, मग कागदकाम, जेवण, दुपारची झोप, संध्याकाळी खेळ. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला. त्यानं चार दिवस त्या एकाचंच बघायचं. आंघोळ, गोळ्या, हट्ट, सगळं.

यंदा तृप्ती खरात जोडीदार म्हणून आली ती सेवेच्या ओढीनं नव्हे. चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी उषाबाई तिच्या बदनापूरच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "चल, चार दिवस माणसांत राहशील." नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढाही तृप्तीजवळ नव्हता. ती गेली.

दीड वर्षापूर्वी, ऐन मे महिन्यात, तिच्या नवऱ्याच्या मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं होतं. दाविद जागच्या जागी गेला. मागं बसलेल्या तृप्तीच्या डोक्याला मार लागला आणि तिला संभाजीनगरला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. दाविद कुठाय म्हणून विचारलं, तर म्हणाले, पलीकडच्या वॉर्डात आहे, पायाला प्लास्टर घातलंय. ती रोज विचारायची, ते रोज प्लास्टरचं सांगायचे. नवव्या दिवशी खरं सांगितलं. तोवर दफनाला आठवडा होऊन गेला होता. "तुला सोसलं नसतं," असं सगळेच म्हणाले. तृप्ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर तिला रडू आलं नाही. रागही आला नाही. वेळ झाली की जेवायची, वेळ झाली की बदनापूरहून गाडी धरून नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसायची. लोक तिला धीराची बाई म्हणायचे. तिला स्वतःला तो धीर कुठं सापडत नव्हता, पण लोकांना खोटं कशाला पाडा म्हणून ती गप्प राहायची.

शिबिरात तिच्या वाट्याला आला कल्याण. हसनाबादचा, वय त्रेचाळीस, अंगानं धिप्पाड, दाढीचे खुंट पांढरे झालेले, जीभ जड. त्याची आई तुळजाबाई त्याला घेऊन आली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, वाळून खारीक झालेली. तिनं पिशवीतून त्याचे तीन सदरे काढून दाखवले, कोणत्या दिवशी कोणता ते सांगितलं, आणि मग तृप्तीला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, त्रेचाळीस वर्सांत एक रात बी ह्याला सोडून राह्यले न्हाई मी. तुमच्या पाळकीणबाई लईच मागं लागल्या म्हणून आणलं."

"काळजी करू नका मावशी."

"काळजी कशाची आता. देवाकडं एकच मागणं हाय माझं. माझ्या आधी ह्याला न्यावं." हे ती भाजीचा भाव सांगावा तितक्या सरळ आवाजात बोलली, लेकाच्या गालावरून हात फिरवला आणि भोकरदनच्या गाडीकडं निघून गेली.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. कल्याण त्रास देणारा नव्हता. त्याला प्रार्थनेतलं काही कळायचं नाही, पण सगळ्यांनी "आमेन" म्हटलं की तो चार श्वास मागून एकटाच मोठ्यानं म्हणायचा आणि सगळी खोली हसायची. तृप्ती त्याला आंघोळीचं पाणी काढून द्यायची, सदऱ्याची बटणं लावायची, चपातीचे तुकडे करून द्यायची. हात काम करायचे. मन त्यात कुठं आहे की नाही हे तिनं तपासलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला उषाबाईंनी तिला बाहेर बोलावलं. त्यांच्या हातात मोबाईल होता. कल्याणचा थोरला भाऊ अप्पाराव याचा फोन येऊन गेला होता. सकाळी म्हशीला वैरण टाकून तुळजाबाई ओट्यावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. दोन वाजता माती.

"अप्पाराव म्हणाले, कल्याणला सांगू नका. त्याला काय कळणार, उगीच गोंधळ घालील. उद्या शिबिर संपलं की ते न्यायला येतील."

"बरं," तृप्ती म्हणाली.

"घरच्यांनीच सांगितलंय, मग आपण मध्ये पडायचं नाही. कळलं ना?"

"बरं."

ती आत आली. कल्याण मांडी घालून रंगीत कागदाचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवत होता. ती शेजारी बसली. त्यानं डिंकाचं बोट वर केलं.

"ताई, आज. मंग उद्या. मंग माय येती न्यायला. बराबर?"

साधं "हो" म्हणायचं होतं. तृप्तीनं त्यासाठी तोंड उघडलं. दीड वर्षात तिनं हजार वेळा हो म्हटलं होतं, कुठल्याही गोष्टीला. पण हे एक हो काही केल्या बाहेर पडेना. कल्याण बोट वर धरून वाट बघत होता.

"कल्याणदादा, तुमची आई वारली."

"वारली म्हंजे मेली?"

"हो. आज सकाळी."

"आमचा सर्जा बैल मेल्ता, तसं?"

"हो. तसंच."

त्यानं बोटाचा डिंक सदऱ्याला पुसला. डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग तिच्याकडं बघून विचारलं, "माती कधीय?"

"दोन वाजता."

"मंग चल की जल्दी. गौऱ्या कोण रचील?"

विचारल्यावर त्यानं तुटक तुटक सांगितलं, त्यावरून तृप्तीला कळलं की हसनाबादेत कुणाचीही माती असो, पाटलाची असो की मजुराची, कल्याण हजर असतो. लोक त्याला हलकी कामं सांगतात. गौऱ्या वाहून आण, लाकडं धर, पाणी आण. वीस-पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता. गावात ज्या एका गोष्टीत त्याला काही शिकवावं लागत नव्हतं, ती नेमकी हीच होती. आणि तीच त्याला कळणार नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

फाटकाशी उषाबाईंनी त्यांना गाठलं. "तृप्ती! सांगितलंस त्याला?"

"हो."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही, काकू."

कल्याण मध्येच म्हणाला, "बाई, मी मातीला जाऊन येतो."

उषाबाईंचा चेहरा एकदम उतरला. आत जाऊन त्यांनी पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा आणला आणि तृप्तीच्या हातात दिला.

काळीपिवळी जीप राजूरपर्यंत खच्चून भरलेली होती. तिथून पुढं दुसऱ्या जीपमध्ये जरा जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ऊन कडक. कल्याणनं अचानक विचारलं, "तुझ्या घरचं कोन मेलंय?"

"नवरा."

"माती केली?"

"केली. लोकांनी. मी नव्हते."

"का न्हवतीस?"

"मला सांगितलंच नाही कुणी."

समोरच्या सीटवरची बाई कान देऊन ऐकत होती. कल्याण म्हणाला, "लबाड हायेत," आणि बिस्किटाचा पुडा फोडून तिला दोन बिस्किटं दिली.

घरासमोर माणसं जमली होती. तुळजाबाईंना आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून तिरडीवर ठेवलं होतं. अप्पारावनं दोघांना येताना पाहिलं आणि तो पुढं आला. चाळिशी कधीच ओलांडलेला, रडून डोळे लाल झालेला माणूस.

"मॅडम, नका म्हणलो होतो ना मी? आता हे आवरायचं का ह्याला आवरायचं?"

कल्याण तोवर त्याच्या अंगावरून पुढं गेला होता. तो आईच्या पायाशी बसला. सुंभाची गाठ ओढून पाहिली. "ढिली हाय," म्हणाला. ती सोडून त्यानं नीट बांधली. मग डोक्याकडं जाऊन तिच्या तोंडाकडं बघत राहिला. बायकांचं रडणं थांबलं. कुणी त्याला धरायला पुढं झालं नाही.

भावकीतले एक म्हातारे काठी टेकत आले. "अप्पा, मायला धाकट्यानंच अग्नी द्यायचा असतोय. मडकं त्याच्या हातात दे."

"अहो बाबा, त्याला जमंल का?"

"तुझ्या बापाच्या टायमाला सरण कुणी रचलं होतं? इसरला का?"

अप्पारावनं स्वतःच विस्तवाचं मडकं उचलून भावाच्या हातात दिलं. कल्याणनं ते घेतलं आणि तृप्तीकडं वळला. "तू बी चल. जोडीदार हायेस." बायका मागंच थांबायच्या होत्या, दोघीतिघी एकमेकींकडं बघू लागल्या, पण म्हातारबाबांनी हात हलवून येऊ द्या म्हणून खुणावलं.

नदीकाठी सरण आधीच रचलेलं होतं. कल्याणला ते पसंत पडलं नाही. एका अंगाच्या गौऱ्या काढून त्यानं पुन्हा लावल्या, मध्ये वाऱ्याला वाट ठेवली. लोक उभे राहिले. कुणी घाई केली नाही. मग मायला वर ठेवलं, त्यानं अग्नी दिला आणि पाण्याचा घट खांद्यावर घेऊन तो सरणाभोवती फिरला. अप्पारावनं मागून दगडानं घटाला भोकं पाडली, पाण्याची धार कल्याणच्या पाठीवरून गळत राहिली. तिसऱ्या फेरीला घट मागं टाकला आणि त्यानं बोंब मारली. एकच शब्द, माय. जड जिभेला तो पूर्ण आला.

तृप्ती बाभळीखाली उभी होती. आता काहीतरी होईल, छातीत काही फुटेल, असं तिला वाटलं. तसं काही झालं नाही. सरण पेटलं. ज्वाळा वर आल्या तशी धग तिच्या तोंडाला लागली आणि ती दोन पावलं मागं सरली. एवढंच.

परतताना अप्पाराव तिच्या बरोबरीनं चालला. "मॅडम, रागानं बोललो. मला वाटलं, लोक हसतील त्याला."

"कुणी हसलं नाही."

"न्हाई हसलं. दोन दिवस माय नुसती बसून होती. हाताला कामच न्हाई म्हणायची. कल्याण न्हाई तर करू काय, म्हणायची."

कल्याणला तेराव्यापर्यंत घरीच राहायचं होतं. तृप्तीनं त्याच्या पिशवीचं सांगितलं. अप्पाराव म्हणाला, कुणाला तरी पाठवून मागवून घेतो. निघताना कल्याण ओट्यावर बसला होता. भावजय त्याला चहा देत होती. त्यानं तृप्तीला हात केला आणि चहा बशीत ओतायच्या नादाला लागला.

ती शिबिरात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. उषाबाईंनी तिचं ताट वेगळं काढून ठेवलं होतं. त्या तिच्यासमोर बसल्या आणि बराच वेळ मिठाची वाटी इकडून तिकडं सरकवत राहिल्या.

"दवाखान्यात," त्या म्हणाल्या, "तुला सांगू नका असं मीच म्हटलं होतं. तुझे दीर सांगायला निघाले होते. मी त्यांना दारातून परत फिरवलं. पायाच्या प्लास्टरचंही मीच सुचवलं."

तृप्तीनं घास खाली ठेवला. तिच्या तोंडापर्यंत "बरं" आलं होतं.

"काकू, दाविदच्या अंगावर कपडे कोणते होते?"

उषाबाई चमकल्या. दीड वर्षात तिनं हे कुणालाच विचारलं नव्हतं. "निळा सदरा," त्या म्हणाल्या. "नाताळात घातलेला. तुझ्या जावेनं इस्त्री करून आणला होता."

"बाही फाटली होती त्याची."

"आतून शिवली होती. मी पाहिली."

"आणि जमीन? मे महिना होता."

"दगडासारखी होती. आदल्या दिवशी टँकरचं पाणी सोडावं लागलं, तरी पहार उडायची. आठ-दहा जण खणत होते. ऑफिसातले तुझे साहेबही खणत होते, पँट वर करून."

"साहेब? मला कधी बोलले नाहीत."

"कोण बोलणार, तृप्ती?"

शेजारच्या पंगतीत कुणीतरी ताट वाजवून वरण मागत होतं. स्वयंपाकाच्या द्वारकाबाई वाढायला धावल्या. तृप्तीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती ताटावर पुढं झुकून बसली होती, दोन्ही कोपरं मांड्यांवर रेटून.

"गाणी कोणती म्हटली? सांगा. पहिल्यापासून सांगा, काकू, कोण आधी आलं तिथपासून."

उषाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.