दारातले दोघे

बाळ्या चांगला सहा फुटी आणि रंगानं काळा. लग्न जमवताना मावशीनं 'सावळा' म्हणून वेळ मारून नेली होती. मनोरुग्णालयात तेवढीही सवलत मिळाली नाही. त्याचा जन्म याच शहरातला, आईचाही इथलाच, तरी भेटणारा प्रत्येकजण "मूळचे कुठले?" असं आपुलकीनं विचारायचा.

बाळ्या बस डेपोत गिअरबॉक्स खोलायचा. बायको गेली, मग झोप गेली, मग हातातला पाना गळून पडायला लागला. तेव्हा तो आपल्या पायांनी इथं आला आणि म्हणाला, "मला बरं वाटत नाही." इथपर्यंत सगळं सरळ होतं.

वॉर्डाची एक रीत होती. डॉक्टर रुग्णाशी बोलताना दार लावून घ्यायचे. रुग्ण काळा असला, तर मात्र दार उघडं राहायचं आणि दारात दोन दणकट मदतनीस उभे राहायचे. असा नियम कुठंच लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो कधी मोडलाही जात नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या गोऱ्यापान कारकुनानं जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं, तरी डॉक्टर त्याच्याशी बंद दाराआड चहा घेत बोलले. बाळ्यानं कधी चमचासुद्धा आपटला नव्हता. त्यानं फक्त विचारलं, "हे दोघं माझ्याच वेळी का असतात?"

प्रश्न साधा होता, पण निदान झालं. आपल्याला वेगळं वागवलं जातं, असा रुग्णाचा भ्रम आहे. औषध वाढलं. औषधानं हात थरथरायला लागले. थरथरणारे हात बघून मदतनीस एक पाऊल आत आले.

बाळ्याची थोरली बहीण कपड्यांच्या कारखान्यात मुकादम होती. चाळीस बायका आणि तेवढीच यंत्रं तिच्या आवाजावर चालायची. ती रुग्णालयाच्या समता समितीकडे गेली. समितीच्या खोलीत निरनिराळ्या रंगांचे हात एकमेकांत गुंफलेलं मोठं चित्र होतं. समितीनं तक्रार फार मनावर घेतली, आणि वॉर्डातल्या सर्व कर्मचाऱ्यांनी आपण भेदभाव करत नसल्याचं एकमुखानं सांगितलंय, असं कळवलं.

"आणि रुग्णांना विचारलंत?"

"अहो ताई, ते आजारी आहेत."

वॉर्डात त्यांच्या रंगाची एकच नर्स होती. तिनं ताईला जिन्याखाली गाठलं. "सोमवारी बैठक आहे. 'भास होता' म्हणाला तर घरी. नाही म्हणाला तर मागची इमारत. तिथून माणूस लवकर परत येत नाही."

"तुम्हाला दिसत नाहीत का हो ते दोघं?"

"दिसतात की. मी बोललेही होते एकदा. मला लगेच ताणतणावाची रजा दिली. मागितली नव्हती मी."

ताईनं बाळ्याला पढवायला घेतलं.

"म्हण, मला भास होत होता."

"पण ते होते ना गं."

"होते. तू म्हण नव्हते."

"म्हणजे खरं बोललो तर वेडा, आणि खोटं बोललो की शहाणा?"

"हो रे बाबा."

"मग आधीच सांगायचं की! औषध तरी वाचलं असतं."

सोमवारी बाळ्यानं झकास म्हणून दाखवलं. भास होता, आता जाणवत नाही, सगळे सारखंच वागवतात. जड जिभेनं का होईना, एक शब्द गाळला नाही. डॉक्टर खूश झाले. माणूस वाईट नव्हता, रुग्ण बरा झाला की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. सही करायला पेन टेकवता टेकवता त्यांनी ताईकडे पाहिलं. "तुम्हालाही पटलं ना? असं काही नव्हतंच."

नुसती मान हलवायची होती. ताई हलवणारही होती. पण तिचं लक्ष बाळ्याकडे गेलं. तो तिच्याकडे टक लावून बघत होता, आणि त्या बघण्यात सुटल्याचा आनंद नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं, की नव्हते का ते? पढवलेलं त्याला पटायला लागलं होतं.

"डॉक्टर," ताई म्हणाली, "मग दारात हे कोण उभे आहेत?"

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं नाही. पेन खाली ठेवलं. आवाज एकदम मऊ झाला.

"असं कधीपासून वाटतंय तुम्हाला?"

"वाटतंय काय? मान वळवा आणि बघा!"

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

दोघांपैकी एकजण ताईच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी कोरा कागद ओढला आणि तिचं वय विचारलं.

तेवढ्यात बाळ्या उठला. "तिचं नका लिहू. तिला काही झालेलं नाही. मीच तिच्या डोक्यात भरवलं. मला दिसतात ते दोघं, अजून दिसतात. मघाशी मी खोटं बोललो."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. एका घरात दोन रुग्ण म्हणजे फार काम झालं असतं. मागच्या इमारतीचा कागद दोन मिनिटांत तयार झाला. दोघांनी बाळ्याचे दंड धरले. धरायची काही गरज नव्हती, तो आपणहून चालत होता. उंबऱ्याशी तो थांबला, एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, अगदी नीट, पाना लावण्याआधी नट बघावा तसं.

"ताई, होते ना गं?"

"होते," ताई म्हणाली. कारखान्यातल्या आवाजात.

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.