मागायच्या आत

धाकट्या लेकाचं लग्न झालं त्या वर्षी आबांच्या नातीला चौथं लागलं होतं, आणि पोर तोंडातून ब्र काढत नव्हती. लग्नाला आलेला जो तो वाकून विचारी, "काय गं ठकी, नाव काय तुझं?" ठकी आबांच्या पायामागं दडे आणि उत्तर आबाच देत.

आबांचा जन्म वेटरकीत गेला. गिऱ्हाइकानं मागायच्या आत टेबलावर पाणी पाहिजे, हा त्यांचा बाणा. घरी बसल्यावर गिऱ्हाईक एकच उरलं. ठकीची भुवई हलली की पाणी, बोट हललं की चेंडू. ठकीचे आईबाप, म्हणजे थोरला लेक नि सून, कामावर; दिवसभर दोघांचंच राज्य.

शेवटी सुनेनं ठकीला स्पीच थेरपीला घातलं. न्यायचं-आणायचं काम आबांकडे आलं. खोलीत बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या. आबांचे गुडघे हनुवटीला टेकत. थेरपिस्ट बाईंनी साबणाचे फुगे उडवले, ठकी नाचली. मग बाईंनी बाटलीचं झाकण गच्च लावून ती ठकीच्या हाती दिली आणि गप्प बसल्या. ठकीनं आबांकडे पाहिलं मात्र, आबांनी बाटली घेऊन झाकण फिरवलंसुद्धा.

"थांबा, आजोबा!"

"अहो, तिला फुगे हवेत."

"तुम्हाला कळलं, मलाही कळलं. मग तिनं बोलायचं कशाला? तिची वाढ सावकाश आहे, त्यात तुमचा दोष नाही. पण तिला मागायची गरज तर पडू द्या. वाट बघा. 'दे' म्हणू दे तिला."

वाट बघणं आबांना कुठलं ठाऊक? पायाला भिंगरी लागलेला माणूस. पुढच्या खेपेला त्यांनी झाकण उघडलं नाही, पण कसं फिरवायचं ते खुणेनं दाखवलं. त्याच्या पुढच्या खेपेला स्वतःच "दे" म्हणाले. दर वेळी आतून बाईंचा आवाज येई, "थांबा, आजोबा!" बाहेर बसलेल्या आया हसू लागल्या. "आले बघा थांबा-आजोबा!"

सून मात्र हसली नाही. "जित्याची खोड तुमची, आबा. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून ठकी पाळणाघरात. तिथं मागितल्याशिवाय कुणी देत नाही."

 ठकी गेली की त्या घरात आबा कुणाला पाणी देणार होते?

पुढच्या खेपेला ते दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले. ठकीनं झाकण ओढलं, चावलं, बाटली टेबलावर आपटली. तिचे डोळे भरून आले.  आबांचे हात बधिर झाले. बाई ढिम्म. 'बाई आहे की दगड,' आबा मनात म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी अर्धे उठून त्यांनी हात बाटलीकडे नेला.

बाईंनी तोंड उघडलं. त्याआधी ठकीनं पंजा आडवा धरला.

"तांब!"

आबा तसेच वाकलेले राहिले. "काय म्हणालीस?"

"तांब!" ठकीनं डोळे वटारले आणि पुन्हा झाकणाशी झटू लागली.

"मी तिला 'दे' शिकवत होते," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "आणि ती तुमचं 'थांबा' शिकत बसली."

त्या दिवशी आबांनी वाटेत भाजीवाल्याला, न्हाव्याला, अनोळखी माणसालाही थांबवून सांगितलं, "नातीनं दटावलं हो मला!" पाळणाघराचा विषय मागं पडला. 'दे' यायला पुढं बरेच महिने लागले, 'आबा' त्याच्याही नंतर आलं. पण आबा न मागता ग्लास घेऊन निघाले की ठकीचं हमखास ऐकू येई, "तांब!" सून म्हणे, "आता भेटलं खरं गिऱ्हाईक."

धाकट्या सुनेला मुलगा झाला, त्याच्या आदल्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आबा वारले. ठकी तेव्हा पाच वर्षांची होती.