सत्यभामाच्या हातचं

"भाभी, काय म्हणतुय त्यो टकल्या?" जालिंदरनं विचारलं.

"म्हणतोय, रस्सा झकास आहे बाई, पण एवढं मीठ? हा रस्सा खाल्लेला उंट समुद्राचं पाणी गोड म्हणून पिईल."

खोलीत हशा पिकला. वरच्या मजल्यावरचा मच्छिंद्र तर खोकायलाच लागला. टीव्हीतला टकल्या खरं काय बोलला ते अल्लाला ठाऊक. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण रोज सकाळी मी कुराण वाचते हे या लोकांनी ऐकलं होतं, तेव्हा हिला टीव्हीवरची अरबी येणारच, असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलेलं. मी कशाला नाही म्हणू? चालून आलेला मान कोण परत पाठवतं?

ही त्र्याऐंशी सालातली गोष्ट. कतारात, दोहाच्या मन्सूरा भागात राहायचो आम्ही. अख्ख्या बिल्डिंगीत बाईमाणूस मी एकटी. वरच्या खोल्यांमधून सगळे बायकापोरं गावी ठेवून आलेले पुरुष. आमचे हे, इब्राहीम, एका कंपनीत क्लार्क. ते सकाळी गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि एसीची घरघर. दाराला कडी लावून बसायचं. थापा मारायची मला लहानपणापासून खोड, पण भिंतींना थापा मारून काय मजा येते?

म्हणून मी शुक्रवारची वाट बघायची. उन्हाळ्यात हवा दमट झाली की आमच्या अँटेनावर समुद्रापलीकडचं कुठलंतरी स्टेशन लागायचं, आणि त्यावर घरगुती बायकांची स्वयंपाकाची स्पर्धा. बायका रांधायच्या, परीक्षक चाखायचे, त्यातला मुख्य तो टकल्या. जुम्म्याची नमाज, जेवण आटोपलं की वरची मंडळी चहाला यायची आणि मी टकल्याचं मराठी करून सांगायची. हे कोपऱ्यात डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, "रुकैया, दोजखात जाशील हां."

"जाईन. चहा करून जाईन."

तशा माझ्या सगळ्याच थापा तिथे खपायच्या. माझ्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे, विळीवर कापली. पण मी सांगायची, दाभोळच्या खाडीत सुसरीनं नेली. सगळ्यांनी डोळे मोठे केले. एकट्या जालिंदरनं विचारलं, "सुसर एवढंसंच खाऊन गेली व्हय?"

"तिला चव आवडली नाही."

"मग ती सुसर टकल्याची भन असंल," तो म्हणाला. तेव्हापासून मला हा माणूस आवडला.

जालिंदर माणदेशातला, पंप मेकॅनिक. बोटं ग्रीसनं कायमची काळी झालेली. टीव्हीतल्या परीक्षकांवरचा हा परीक्षक. बाईनं कढईत कांदा टाकला की हा पुढे सरकायचा. "घाई केली. आमची सत्यभामा त्याल आधी चांगलं तापू देती." सत्यभामा म्हणजे त्याची गावाकडची बायको. बाईनं पीठ मळलं की, "असं रगडत्यात व्हय? सत्यभामाची भाकरी बघा, पापुद्रा असा सुटतुय की वारा आला तर उडून जाईल."

"आलं सत्यभामापुराण!" मच्छिंद्र ओरडायचा. तो ड्रायव्हर, जिभेला हाड नाही. पण गप्प बसून ऐकायचा तोही. त्यांच्या मेसमध्ये रोज तीच पातळ डाळ. जालिंदर बोलायला लागला की सगळ्यांच्या नाकाला पिठल्याचा वास यायचा.

एकदा मधल्या वारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगीची पाण्याची मोटर बंद पडली. जालिंदरनं दुरुस्त केली आणि आमचा नळ बघायला स्वयंपाकघरात आला. हे बाहेर पेपर वाचत होते. नळ सुरू झाला तरी तो जाईना. पान्हा पुसत उभा राहिला.

"भाभी, एक इचारू? हसणार न्हाई न्हवं?"

"विचार की."

"बायकूच्या हातची चव कशी असती वो?"

मला वाटलं, थट्टा करतोय. "मला काय विचारतोस? एवढे शुक्रवार तूच सांगतोयस की आम्हाला!"

"म्या सत्यभामाच्या हातचं कधी खाल्लंच न्हाई."

मग खाली बघत त्यानं सांगितलं. त्यांच्या घरात चूल सासूची. सुनेनं पाणी भरायचं, शेण काढायचं, शेतात जायचं. चुलीला हात लावायचा नाही. लग्न झालं आणि महिन्याभरात हा इकडे आला. दोन वर्षांनी सुट्टीवर जायचा तर आई, पारूबाई, म्हणायची, माझा ल्योक चार दिस आलाय, मीच घालीन त्याला. उरलेले दिवस पाहुण्यांकडे जेवणं. सत्यभामा लांब उभी राहून तांब्या भरून द्यायची.

"आईला म्हणायचं, हिला करू दे एकदा."

"म्हनलं असतं. पर आई पन वाटच बघत असती न्हवं."

 माझ्याच घरात, माझ्याच चटईवर बसून माझ्यापेक्षा मोठा थापाड्या इतके शुक्रवार थापा मारत होता, आणि त्याच्या थापा जास्त चवदार होत्या.

पुढच्याच महिन्यात जालिंदरच्या गावचा शहाजी सुट्टीवरून परत आला. शुक्रवारी सगळे जमले, तर त्यानं पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. "जालिंदर, घरनं दिलाय." शेंगदाण्याचे लाडू, गुळातले.

मच्छिंद्रनं टीव्हीचा आवाज बंद केला. "आज सत्यभामावहिनींची स्पर्धा! जालिंदर, आज तू टकल्या. उघड!"

जालिंदरनं झाकण काढलं. सगळ्यांसमोर लाडू उचलला, तोडला, चावला. आणि चावायचा थांबला. मी बघत होते, वास माझ्यापर्यंत आला. सुंठ. मागे त्यानंच सांगितलं होतं, आई सगळ्यात सुंठ घालते. लाडू गोट्यासारखे गोल, एकसारखे. चाळीस वर्षं लाडू वळलेला, पारूबाईचा हात होता तो.

"बोल की! किती मार्क?"

 एवढा बोलका माणूस, घास तोंडात धरून डब्याकडे बघत राहिला.

"थांबा," मी म्हटलं. "असे डब्यातून काय खाता? ताटलीत काढून आणते."

डबा आत नेला. दोन लाडू मोडले, आणि मुठीत घट्ट दाबून त्यांचे मुटके केले, नवशिकी सून करते तसे, बोटांच्या खोबणी उमटलेले. ताटलीत गोल लाडूंच्या खाली दडवले आणि बाहेर आले.

"अगोबाई, हे बघ," ताटली हलवून मी म्हटलं, "खालचे निराळ्या हाताचे दिसतात. वळता येत नाहीत अजून कुणालातरी. सासूच्या नजरेआड घातलेत वाटतं."

"दावा, दावा!" मच्छिंद्र पुढे आला.

जालिंदरनं एक मुटका उचलला. खिडकीच्या उजेडात धरला. ठशांमध्ये आपली काळी बोटं एकेक करून ठेवायला लागला. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी थबकला. चौथा ठसा अर्धाच होता.

या जन्मात मी इतक्या थापा मारल्या, पण स्वतःची करंगळी विसरले ती त्याच दिवशी.

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मी ताटली घट्ट धरून उभी. 

"कसाय?" मच्छिंद्र त्याच्या खांद्यावरून वाकला.

जालिंदरनं अंगठा सरकवून त्या अर्ध्या ठशावर ठेवला. झाकून टाकला.

"पैला नंबर," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "लई मायेचा हात हाय."

सगळे टाळ्या पिटायला लागले. त्यानं तो मुटका खाल्ला नाही. अंगठा तसाच दाबून हातात धरून बसला.

मच्छिंद्रनं पुन्हा टीव्ही मोठा केला. टकल्या चमचा तोंडात घालून काहीतरी बोलत होता. त्या दिवशी जालिंदरनं मला ‘काय म्हणतुय त्यो?’ असं विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही सांगितलं नाही.